आजी कुठल्या नावानं गेली?

सकाळी पेपर आला की आधी निधनवार्ता वाचायची, ही सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. माझ्या सासूबाईंना ती होती. चष्मा लावून त्या बारीक अक्षरांतला तो रकाना वाचायच्या आणि मधेच थांबून म्हणायच्या, ''अगं, ही आमच्या वर्गातली तर नव्हे?'' कारण छापलेलं असायचं ते सासरचं नाव, गावही सासरचं. पश्चात पती, दोन मुलगे, सुना, विवाहित मुली, नातवंडं असा परिवार. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी त्या मजकुरात कुठंच नसायची. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं जे नवं नाव लिहिलं गेलं, तेच शेवटी छापून आलं. मग चार ठिकाणी फोन करून खात्री व्हायची. मैत्रिणींनो, एकाच शहरात राहणाऱ्यांना ही शोधाशोध करावी लागते, तर मधे देशाची हद्द असेल तेव्हा काय होत असेल?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या एका शाळूसोबतिणीमुळे. ती गेली वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला असते. निवृत्त झाल्यावर ती तिथल्या एका वाचनालयात आठवड्यातून एक दिवस बसते आणि आपल्या घराण्याची माहिती शोधायला आलेल्या लोकांना मदत करते. अमेरिकेत हा छंद फार. आपल्याकडे कुलवृत्तांत काढणारे उत्साही काका असतात ना, तसे तिथं घराघरांत. तिच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण शेजारच्या इम्पीरियल काउंटीतले असतात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मागच्या खेपेला ती पुण्याला आली, तेव्हा चहा गार होईपर्यंत या काउंटीतल्याच गोष्टी सांगत होती. म्हणाली, ''तिथं पुरुषाची मृत्यूची नोंद अर्ध्या तासात सापडते बघ. बाईची शोधायला सहा महिने जातात.''

या इम्पीरियल काउंटीची दक्षिणेकडची कड म्हणजेच अमेरिका आणि मेक्सिको यांची हद्द. मुळात हे वाळवंट. १९०१ साली कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं इथं आलं आणि शेती सुरू झाली. १९०७ साली सॅन डिएगो काउंटीचा पूर्वेकडचा भाग तोडून ही नवी काउंटी केली. कॅलिफोर्नियातली ही सगळ्यांत धाकटी. मुख्य ठाणं एल सेंट्रो. हद्दीला चिकटून अलीकडे कॅलेक्सिको नावाचं गाव आणि पलीकडे मेक्सिकाली. कॅलिफोर्निया आणि मेक्सिको ही दोन नावं दोन्ही बाजूंनी कापून एकमेकांना जोडलेली. गावांची नावं ठेवणाऱ्याला गंमत सुचली असेल, पण माणसंही तिथं तशीच जोडलेली आहेत. एक बहीण इकडे, एक तिकडे. दुकान इकडे, डॉक्टर तिकडे. आणि मरण कुठल्या बाजूला येईल याचा नेम नाही.

आता यात आपला भारत कुठून आला? तर तो आला पंजाबातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकरी तरुण कॅलिफोर्नियात मजुरीला गेले आणि त्यातले बरेच इम्पीरियलच्या कापसाच्या शेतांत स्थिरावले. १९१७च्या कायद्यानं भारतातून तिकडे जायची वाट बंद झाली. म्हणजे बायकोला आणायची सोय नाही आणि एकदा परत गेलं तर पुन्हा येता येईल याची खात्री नाही. त्याच सुमाराला मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री चालू होती. तिथून जीव वाचवून आलेली कुटुंबं याच शेतांत कापूस वेचत होती. त्या कुटुंबांतल्या मुली आणि हे पंजाबी शेतकरी यांची लग्नं होऊ लागली. एका बहिणीचं झालं की दुसरीचं त्याच्या भागीदाराशी, असंही चालायचं. कॅलिफोर्नियात तेव्हा गोऱ्यांनी इतर वर्णांशी लग्न करण्यावर बंदी होती, ती १९४८ साली न्यायालयानं रद्द केली. तोवर काउंटीचा कारकून समोर उभ्या जोडप्याचे चेहरे बघायचा. दोघं सारखेच सावळे दिसले, की वर्णाच्या रकान्यात दोघांपुढेही 'तपकिरी' असं लिहून परवाना द्यायचा. कायद्याचं काम कसं चालतं पाहा!

कॅरन लेनर्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या कुटुंबांवर १९९२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी काउंटीच्या कचेऱ्यांमधले जन्म, लग्न आणि मृत्यूचे कागद चाळले, माणसांना भेटल्या. १९४९ पर्यंतच्या ज्या ३७८ लग्नांची माहिती त्यांना मिळाली, त्यातल्या ३०४ बायका मेक्सिकन किंवा स्पॅनिश भाषक घरांतल्या होत्या. या बायकांच्या पोरांची नावं कानाला मोठी गोड लागतात. पुढचं नाव स्पॅनिश आणि आडनाव सिंग.

आता त्यांच्या नाती आज्या झाल्या आहेत. आपली आजी कोण होती, कधी गेली, तिला कुठं पुरलं, हे विचारत त्या माझ्या मैत्रिणीच्या टेबलाशी येतात.

आजोबांचं काम सोपं असतं. कॅलिफोर्नियात जुलै १९०५ पासून राज्यभर मृत्यूची नोंद होते. काउंटीच होण्याआधी, म्हणजे १९०७ पूर्वी कोणी गेलं असेल तर कागद सॅन डिएगोत बघायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. त्यानंतरचे जुने दाखले काउंटीच्या नोंदणी कचेरीत असतात, अगदी अलीकडचे साधारणपणे आरोग्य खात्याकडे. कुणालाही प्रत मागता येते. जवळच्या नातेवाइकाला पूर्ण अधिकृत प्रत मिळते, बाकीच्यांना 'फक्त माहितीसाठी' असा शिक्का मारलेली. मजकूर तोच असतो. ओळख पटवायला तो कागद चालत नाही, इतकंच. आपल्यासारखीला काय, मजकुराशी काम.

आणि तो मजकूर वाचण्यासारखा असतो. मेलेल्याचं नाव, वय, जन्मगाव, धंदा, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मस्थान, आईचं माहेरचं नाव आणि तिचं जन्मस्थान, मृत्यूचं कारण, दफन की दहन आणि कुठं, अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचं नाव. तळाशी एक रकाना असतो, ही माहिती कोणी दिली त्याचा. माझी मैत्रीण म्हणते, ''मी आधी तोच वाचते. माहिती मुलीनं दिली असेल तर आईचं नाव बरोबर असतं. शेजाऱ्यानं किंवा भागीदारानं दिली असेल, तर आईच्या जागी 'माहीत नाही' हे ठरलेलं.''

पंजाबी आजोबांच्या दाखल्यात एकच घोळ असतो, तो नावाचा. सगळेच सिंग. नात्यातले नसलेलेही सिंग. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं, त्यामुळे एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन स्पेलिंगं. मुसलमान असो, शीख असो, अमेरिकन पेपरांनी आणि कचेऱ्यांनी त्या काळी सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हटलं. जुन्या पेपरांत शोधताना हा शब्द टाकावाच लागतो. तेवढं सांभाळलं की आजोबा सापडतात.

आजीचं तसं नाही. मेक्सिकोच्या, म्हणजे मुळात स्पॅनिश रिवाजाप्रमाणे माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं आणि दुसरं आईच्या वडिलांचं. मारिया लोपेझ गार्सिया घ्या. आणि लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही! जन्माच्या नावानंच ती जगते आणि त्याच नावानं तिच्या मृत्यूची नोंद होते. फार तर पुढे 'अमक्याची' किंवा 'अमक्याची विधवा' एवढं जोडतात. हे ऐकून मी मैत्रिणीला म्हटलं, ''अगं, आपल्यापेक्षा बऱ्या की या!'' तर ती म्हणाली, ''हद्दीच्या पलीकडे बऱ्या. अलीकडे आल्या की त्यांचंही आपल्यासारखंच.''

कारण अमेरिकन कागदावर मारियाची मेरी होते, आणि लोपेझ गार्सिया जाऊन सिंग येतं. पेपरात तर तीही उरत नाही. जुन्या इंग्रजी पेपरांत लग्न झालेल्या बाईची निधनवार्ता नवऱ्याच्या संपूर्ण नावानं असायची. मागे 'मिसेस' आणि पुढे त्याचं नाव, त्याचं आडनाव. तिचं स्वतःचं नाव आत कुठं तरी आलं तर आलं. म्हणजे एकाच बाईची हद्दीच्या दोन बाजूंना दोन नावं, आणि दोन्हींत एकही अक्षर सामाईक नाही. नातीला ठाऊक असतं ते घरातलं लाडाचं तिसरंच.

आणखी एक गाठ कायद्याची. १९०७च्या कायद्यानं अमेरिकन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व जायचं. १९२२ साली हे बदललं, पण एक मेख ठेवून. नवरा नागरिक होण्यास अपात्र अशा वंशाचा असेल तर बायकोचं नागरिकत्व जायचंच. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना अपात्र ठरवलं. झालं! कॅलिफोर्नियात जन्मलेली मेक्सिकन वंशाची मुलगी पंजाबी शेतकऱ्याशी लग्न करून आपल्याच गावात परकी झाली. ही अट निघाली १९३१ साली. म्हणून परदेशात वारलेल्या अमेरिकन नागरिकांची जी यादी त्यांच्या वकिलाती ठेवत, तीत यांचं नाव नसलं तर नवल नाही.

पुढे सोशल सिक्युरिटी आली. हे म्हणजे त्यांचं निवृत्तिवेतनाचं खातं. ते नंबर मिळालेल्या आणि नंतर वारलेल्या लोकांची यादी घराणी शोधणाऱ्यांना फार उपयोगाची, बहुतेक १९६२ नंतरच्या मृत्यूंची. हा नंबर मागताना जो अर्ज भरायचा, त्यात आईचं माहेरचं नाव लिहावं लागे. पण १९३५ साली ही योजना आली तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे तिच्या बाहेर होते. त्यांना आत घ्यायला सुरुवात झाली ती १९५० नंतर. मेक्सिकन बायका काय करत होत्या? शेतात राबत होत्या, नाहीतर दुसऱ्यांच्या घरी धुणं-स्वयंपाक. म्हणजे इथंही त्या नाहीत.

मग शोधायचं कसं? मैत्रिणीनं सांगितलेली युक्ती मला भारी आवडली. ''बाईला तिच्या मृत्यूत शोधत बसायचं नाही,'' ती म्हणाली, ''तिच्या मुलांच्या मृत्यूत शोधायचं.'' कॅलिफोर्नियात १९४० ते १९९७ या काळात वारलेल्या लोकांची एक सूची आहे. त्यात माणसाचं नाव, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, काउंटी आणि चक्क आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. मुलगा सिंग, आईचं आडनाव लोपेझ. दोन आडनावं एका ओळीत शेजारीशेजारी आली की एक लग्न उजेडात येतं. सगळी भावंडं काढायची आणि प्रत्येकापुढे तेच आडनाव आहे का ते बघायचं. एखाद्या ठिकाणी वेगळं आलं, तर आजोबांचं दुसरं लग्न होतं की लिहिणारा चुकला, हा पुढचा शोध. बिचारी बाई स्वतः कुठं सापडत नाही, पण पाच मुलांच्या मरणाच्या कागदावर पाच वेळा असते.

तीन-चार वर्षांपूर्वी तिच्याकडे अशी एक बाई आली होती. सत्तरीच्या आसपासची, शाळेतून निवृत्त झालेली. आजोबा पंजाबी, आजी मेक्सिकन. आजोबांचं सगळं तिच्या फायलीत होतं. दाखला होता, पेपरातली निधनवार्ता होती, शेताची कागदपत्रं होती. आजीबद्दल मात्र घरात एकच वाक्य होतं, 'ती मुलांना टाकून मेक्सिकोला निघून गेली.' तिचे वडील तेव्हा सहा वर्षांचे होते आणि त्यांची बहीण आठ वर्षांची. वडिलांनी आयुष्यभर आईचं नाव घेतलं नाही, घरात कुणाला घेऊ दिलं नाही. ही नात म्हणाली, ''मला तिच्यावर रागावायचं असलं तरी ती कोण होती हे कळायला हवं ना?''

तिला आजीचं नाव ठाऊक होतं मेरी सिंग. त्या नावानं शोधून हाताला काही लागेना. मग मैत्रिणीनं वडिलांची नोंद काढली. ते १९८८ साली वारले होते, म्हणजे त्या सूचीत होते. आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी एक स्पॅनिश आडनाव होतं. नातीनं ते कधीच ऐकलं नव्हतं. दाखल्याची प्रत मागवली. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात वडिलांच्या मोठ्या बहिणीचं नाव होतं. म्हणजे आत्याला माहीत होतं! पासष्ट वर्षांची बाई भावाच्या मरणाच्या दिवशी कचेरीच्या माणसाला आईचं नाव नीट सांगते आणि घरी येऊन पुन्हा गप्प बसते. ती आत्याही आता नव्हती, विचारणार कुणाला?

एवढ्या आडनावावर पुढचं काम सुरू झालं. मेक्सिकोत नागरी नोंदणी आली ती १८५९च्या कायद्यानं, बेनितो ह्वारेझ यांच्या काळात. तोवर जन्ममृत्यू चर्चच्या वह्यांत. मेक्सिकाली ज्यात येतं त्या बाहा कॅलिफोर्नियाच्या नोंदवह्यांची छायाचित्रं सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मन पंथाच्या संस्थेनं काढली आहेत आणि फॅमिलीसर्च या तिच्या संग्रहात ती फुकट बघता येतात. जुन्या वह्यांत छापील रकाने नसतात, तर सलग हस्ताक्षरात एक परिच्छेदच असतो. अमुक दिवशी अमुक वाजता माझ्यासमोर अमुक इसम हजर झाला आणि त्यानं सांगितलं की... असा. आपल्या जुन्या खरेदीखतांची भाषा वाचली असेल तर हा थाट ओळखीचा वाटेल. मेलेल्याचे आईवडील, लग्न झालं की नाही, कोणाशी, कशानं गेला, कुठं पुरणार, साक्षीदार कोण, हे सगळं त्यात असतं. स्पॅनिश यायला हवं असं नाही. पंधरावीस शब्द पाठ केले की भागतं, मैत्रिणीचंही तेवढ्यावरच चालतं.

साल ठाऊक नव्हतं. वडील सहा वर्षांचे, म्हणजे १९३१च्या मागेपुढे. मंदीची ती वर्षं. अमेरिकेत कामं आटली तशी मेक्सिकन कुटुंबं परत पाठवली जात होती, काही आपणहून गेली, पुष्कळांना दबाव आणून घालवलं. आजीचे आईवडील त्यात परत गेले असावेत असा अंदाज बांधून त्या दोघी १९३०च्या वहीपासून पानं उलटू लागल्या. दर आठवड्याला दोन तास.

सातव्या की आठव्या आठवड्यात ती सापडली, जन्माच्या नावानं, दोन्ही आडनावांसह. वय सव्वीस. विवाहित. नवऱ्याचं नाव लिहिणाऱ्यानं असं काही लिहिलं होतं की पंजाबी माणसाला ओळखू येणार नाही, पण शेवटी सिंग होतं आणि देश हिंदुस्थान लिहिला होता. मृत्यूचं कारण बाळंतज्वर. खबर द्यायला तिचा मामा आला होता. पुढच्या पानावर, तीनच दिवसांनंतरची, एका मुलीची नोंद. वय पाच दिवस. आईचं नाव तेच.

म्हणजे ती कुठं निघून गेली नव्हती. बाळंतपणाला आईकडे गेली होती. घरापासून तासाभराच्या वाटेवर.

मैत्रीण सांगत होती, नातीनं ते पान छापून घेतलं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ''माझे वडील त्रेसष्ट वर्षांचे होऊन गेले. त्यांना हे कळलं असतं तर...'' आजोबांनी मुलांना असं का सांगितलं, की त्यांनी सांगितलंच नाही आणि गावानं सांगितलं, हे कुठल्याच कागदात नाही.

खरं तर घरात जी गोष्ट चालत आलेली असते ती कागदापेक्षा जास्त पक्की वाटते. पण हद्दीपलीकडे झालेलं मरण अलीकडच्या कागदावर येतच नाही. काउंटीच्या कचेरीत त्या बाईचा दाखला नाही म्हणून ती मेली नाही, मग ती पळाली, असा अर्थ लावायला वेळ लागत नाही. पुरुष दिसेनासा झाला तर लोक म्हणतात कामाला गेला असेल. बाई दिसेनाशी झाली तर काय म्हणतात ते मी सांगायला नको.

सगळ्यांचाच शोध असा लागत नाही. पण इतर वाटा आहेत. नवरा शीख असला तर त्याचं दहन होई, बायको कॅथलिक असे आणि तिचं दफन होई. आयुष्य एकत्र काढून शेवटी दोन ठिकाणी. त्यामुळे नवऱ्याच्या शेजारी तिचं थडगं शोधण्यात अर्थ नसतो, कॅथलिक दफनभूमी बघायची. चर्चच्या वहीत माहेरचं नाव असण्याचा संभव जास्त. अंत्यविधी करणाऱ्या संस्थांच्या जमाखर्चाच्या वह्या कधी कधी बोलतात, पैसे कोणी दिले ते त्यात लिहिलेलं असतं. जमिनीचे वाद झाले असतील तर वारसांच्या खटल्यांचे कागद. कॅलिफोर्नियाच्या १९१३ आणि १९२०च्या कायद्यांनी अशा परक्यांना शेतजमीन घ्यायची बंदी होती, म्हणून काही बापांनी इथंच जन्मलेल्या पोरांच्या नावावर जमिनी केल्या आणि आपण पालक म्हणून राहिले. त्या निमित्तानं कोर्टात पोरांची नावं, वयं आणि कधी आईचं नाव येऊन बसलं. १९४६ साली भारतीयांना नागरिकत्व मिळू लागलं, तेव्हाच्या अर्जांतही बायकोचं नाव, जन्मगाव मिळतं.

आणि पेपर. 'इम्पीरियल व्हॅली प्रेस' हा तिथला जुना पेपर. कॅलिफोर्नियातल्या अशा पुष्कळ जुन्या पेपरांची पानं आता घरबसल्या चाळता येतात. अक्षरं यंत्रानं वाचलेली असल्यानं नावं मोडतात, म्हणून मैत्रीण नाव टाकायच्या भरीला पडत नाही. मृत्यूची तारीख कळली असेल तर त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांचे अंक ती सरळ डोळ्यांनी वाचते. निधनवार्ता नसली तरी नंतर एक 'आभार' सापडतो. सांत्वनाला आलेल्यांचे, फुलं पाठवणाऱ्यांचे आभार मानणाऱ्या चार ओळी, खाली सगळ्या कुटुंबाची सही. पलीकडे मेक्सिकालीत 'ला व्होस दे ला फ्रोंतेरा' म्हणजे 'सरहद्दीचा आवाज' हा पेपर १९६४ पासून निघतो. इकडच्या पेपरानं दोन ओळींत उरकलेल्या बाईची तिकडे सविस्तर बातमी, तिच्या माहेरच्या नावानं, असं होऊ शकतं. कोणत्या भाषेत कोण रडलं त्यावर ते अवलंबून.

याच काउंटीत होल्टव्हिल नावाच्या गावी एक दफनभूमी आहे, टेरेस पार्क. तिच्या मागच्या अंगाला मोकळ्या मातीत शेकडो कबरी आहेत. दगड नाहीत, नुसत्या विटा. त्यावर आकडा, आणि बऱ्याच विटांवर 'जॉन डो' किंवा 'जेन डो'. नाव न कळलेल्या पुरुषाला आणि बाईला अमेरिकन कचेऱ्या ही नावं देतात. १९९४ साली सॅन डिएगोजवळची हद्द कडक झाली आणि चोरून येणारी माणसं पूर्वेला, या वाळवंटाकडे वळली. काही उन्हानं गेली. काही ऑल अमेरिकन कालव्यात बुडाली. हद्दीला समांतर वाहणाऱ्या या कालव्यानं आजवर पाचशेच्या वर बळी घेतले आहेत. ज्यांची ओळख पटली नाही ती इथं आली. स्वयंसेवक येऊन रंगवलेले क्रूस रोवून गेले, त्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं, 'विसरलेलो नाही'. पुढे काउंटीनं इथं पुरणं थांबवून दहन सुरू केलं.

माझ्या मैत्रिणीकडे यांचेही नातेवाईक येतात, तरुण असतात, बरोबर फोटो असतो. तिथं तिच्या सूच्यांचा उपयोग नाही. त्यांना ती काउंटीच्या शेरीफच्या कचेरीत पाठवते, कारण तिथं संशयास्पद मृत्यूची चौकशी त्यांच्याकडे असते. शिवाय अमेरिकेच्या न्याय खात्यानं हरवलेल्या आणि बेवारस सापडलेल्या माणसांची 'नेमस' नावाची यादी केली आहे. तीत सापडलेल्या मृतदेहाजवळच्या वस्तू, कपडे, दातांची ठेवण लिहिलेली असते आणि ती कुणालाही बघता येते. बाई असेल तर बांगडी, कानातलं, गळ्यातली माळ. ''ही यादी मी घरी बघत नाही, वाचनालयातच बघते,'' मैत्रीण म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

त्या शिक्षिका नातीचं काय झालं, ते मी शेवटी विचारलंच. मेक्सिकालीच्या वहीत दफन नगरपालिकेच्या दफनभूमीत झाल्याचं लिहिलं आहे, पण नव्वद वर्षांत तिथली नेमकी जागा सांगणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून तिनं आणि तिच्या आतेबहिणीनं ठरवलंय, की एल सेंट्रोला वडील आणि आत्या जिथं आहेत तिथंच आजीच्या नावाचा एक दगड बसवायचा. बाळाचंही त्यावर लिहायचं, पण त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. दगडाचे पैसे भरून झालेत. अडलंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. नात म्हणते, वहीत आहे तेच जन्माचं पूर्ण नाव घालू, दोन्ही आडनावांसकट. आतेबहीण म्हणते, मग खाली झोपलेल्या तिच्या मुलांशी तिचं नातं बघणाऱ्याला कसं कळणार, सिंग हवंच. दगडवाल्यानं अक्षरांमागे दर सांगितलाय, त्यामुळे दोन्ही घालायचं तर खर्च वाढतो.

''तुला काय वाटतं?'' मी मैत्रिणीला विचारलं.

''मी नाही बाई त्यात पडले,'' ती म्हणाली. ''त्या दोघी दर शनिवारी भांडायला माझ्याच टेबलापाशी येतात.''